अंगठेबहाद्दरांना मज्जाव : हरियाणाच्या २०१५ च्या पंचायत कायद्याचं प्रकरण

७ सप्टेंबर २०१५ ला हरियाणा विधानसभेनं आपल्या पंचायत राज कायद्यात दुरुस्ती मंजूर केली. त्या सभागृहात ९० आमदार बसतात. आमदार व्हायला शाळेची पायरी चढलेली असावी अशी अट आपल्या देशात नाही. खासदाराला नाही, मुख्यमंत्र्याला नाही, पंतप्रधानालाही नाही. अशा सभागृहानं ठरवलं की गावचा पंच किंवा सरपंच व्हायचं तर मॅट्रिक पास पाहिजे. सर्वसाधारण पुरुषाला दहावी, स्त्रियांना आणि अनुसूचित जातीच्या उमेदवारांना आठवी, आणि अनुसूचित जातीच्या स्त्रीला फक्त पंचपदापुरती पाचवी.

हे एवढ्यावर थांबलं नाही. उमेदवाराच्या राहत्या घरी वापरात असलेला संडास हवा आणि तसं स्वयंघोषणापत्र द्यायला हवं. विजेच्या बिलाची थकबाकी नको. गावच्या सहकारी पतसंस्थेची, जिल्हा बँकेची किंवा भूविकास बँकेची थकबाकी नको. दहा वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायालयानं आरोप निश्चित केलेले नकोत; दोष सिद्ध होणं दूरच, नुसते आरोप निश्चित झाले तरी बस.

पाचही अटी सुट्या वाचल्या तर कुणीही मान डोलावेल. शिकलेला सरपंच कुणाला नको असतो? घरात संडास असावा, बिलं भरलेली असावीत, याला विरोध तरी कसा करायचा? मला हे प्रकरण महत्त्वाचं वाटतं ते याचसाठी. सामान्य माणसाबद्दलचा अविश्वास कधी शिवीच्या रूपात येत नाही. तो सुधारणेचे कपडे घालून येतो, आणि आपण त्याला चहा पाजतो.

आता आकडे. हे सरकारनंच न्यायालयात मांडलेले आहेत. हरियाणाची ग्रामीण लोकसंख्या सुमारे १.६५ कोटी. त्यातले वीस वर्षांवरचे ९६ लाख. यातले ५७ टक्के लोक शिक्षणाची अट लावूनही निवडणूक लढवू शकतात, असं सरकार सांगत होतं, आणि सांगण्याचा सूर ‘बघा, निम्म्याहून जास्त उरलेच की’ असा होता. म्हणजे ४३ टक्के, चाळीस लाखांवर माणसं, एका दुरुस्तीनं बाद. त्यांना मत देता येतं, कर भरता येतो, गावच्या जोहडातला, म्हणजे तळ्यातला, गाळ काढता येतो. उभं राहता येत नाही. आतली विभागणी तर अजून बोलकी आहे: अनुसूचित जातीच्या पुरुषांपैकी ४१ टक्के आणि अनुसूचित जातीच्या स्त्रियांपैकी ६८ टक्के अपात्र. एकूण स्त्रियांतही निम्म्याहून अधिक.

हे लक्षात घ्या की ७३ व्या घटनादुरुस्तीनं १९९३ पासून गावपातळीवर नेमकं याच माणसांसाठी दार उघडलं होतं. स्त्रियांना एक तृतीयांश जागा, अनुसूचित जातींना लोकसंख्येच्या प्रमाणात जागा. दार उघडून बावीस वर्षं झाली, आणि मग उंबऱ्यावर एक कारकून बसवला. त्याच्या हातात यादी: गुणपत्रिका, बिलाची पावती, बँकेचा दाखला, संडासाचं पत्र.

२०१५ मध्ये पंचेचाळीस वर्षांची असलेली बाई १९७० ची. तिचं आठवीचं वय १९८३-८४ च्या आसपासचं. त्या काळी हरियाणातल्या खेड्यात मुलीसाठी आठवीपर्यंतची शाळा चालण्याच्या अंतरावर होती का, असली तर घरच्यांनी धाडलं असतं का, दलित वस्तीतल्या मुलीला वर्गात कुठं बसवलं असतं, हे प्रश्न कायदा करणाऱ्यांना पडायला हवे होते. शाळा काढायचं काम राज्याचं होतं. ते राज्यानं केलं नाही, आणि तीस वर्षांनी त्याच राज्यानं त्या बाईला नापास केलं.

या कायद्याविरुद्ध तीन राजकीय कार्यकर्ते सर्वोच्च न्यायालयात गेले. पहिल्या याचिकाकर्तीच्या नावानं खटला ओळखला जातो: राजबाला विरुद्ध हरियाणा राज्य. त्यांच्या बाजूनं इंदिरा जयसिंग उभ्या राहिल्या, सरकारच्या बाजूनं ॲटर्नी जनरल मुकुल रोहतगी. १७ सप्टेंबरला न्यायालयानं कायद्याला स्थगिती दिली. निवडणुकीची घोषणा झालेली होती, ती अडकली. १० डिसेंबर २०१५ ला न्या. जस्ती चेलमेश्वर आणि न्या. अभय मनोहर सप्रे यांच्या खंडपीठानं निकाल दिला: पाचही अटी वैध.

निकालपत्रातलं शिक्षणावरचं वाक्य त्यानंतर फार गाजलं. त्याचा मराठीत आशय असा: योग्य-अयोग्य, चांगलं-वाईट यांत फरक करण्याची ताकद माणसाला फक्त शिक्षण देतं. या वाक्यात ‘फक्त’ नसता तर ते शाळेच्या भिंतीवर रंगवण्याजोगं होतं. ‘फक्त’ आल्यामुळं देशातल्या कोट्यवधी निरक्षर आईबापांना बरंवाईट कळत नाही असं ठरलं. आपल्याकडं तर जात्यावरच्या ओव्यांपासून निम्मं शहाणपण अशाच बायांनी सांगून ठेवलंय, पण ते असो.

कर्जाच्या अटीवर न्यायालयाचं म्हणणं होतं की आपल्या देशात कुठलीही निवडणूक खर्चिकच. गळ्यापर्यंत कर्जात बुडालेला माणूस तिच्या वाटेला जाणं मुळात दुर्मीळ. युक्तिवादात शेतकऱ्यांच्या कर्जबाजारीपणाचा आणि आत्महत्यांचा विषय निघाला होता. निवडणूक महाग झाली हा खरं तर लोकशाहीचा आजार. इथं तो आजारच गरिबाला दूर ठेवण्याचं समर्थन म्हणून वापरला गेला. संडासाबद्दल निकाल म्हणतो की सरकार अनुदान देत असताना ज्यांच्याकडं अजून संडास नाही, त्यांच्याकडं गरिबीमुळं नव्हे, इच्छाशक्ती नसल्यामुळं नाही. अनुदानाची रक्कम तोवर १२ हजार रुपयांवर गेली होती. ज्यानं आपल्याकडच्या खेड्यात घरकुलाच्या किंवा संडासाच्या अनुदानाचा हप्ता पंचायत समितीच्या चकरा मारून काढला असेल, त्याला इच्छाशक्ती कुणाची कमी पडते ते माहीत आहे. आधी खड्डा खणा, भांडं बसवा, फोटो काढा, मग पैसे. पहिली उसनवारी गरिबाचीच.

आणि ४३ टक्के? न्यायालयाचा मुद्दा साधारण असा होता की एखाद्या वर्गाला अपात्र ठरवणं घटनेत बसत असेल, तर त्या वर्गात किती लोक आहेत यानं फरक पडत नाही. हे वाचताना मी थबकलो होतो. लोकशाहीत संख्येनं फरक पडत नाही, तर मग कशानं पडतो?

न्यायमूर्तींना खलनायक करण्यात मात्र अर्थ नाही. हेच चेलमेश्वर. याच्या दोनच महिने आधी, न्यायाधीश नेमणूक आयोगाच्या खटल्यात पाचांपैकी एकट्यानं वेगळा निकाल लिहून न्यायाधीशांच्या बंद दाराआडच्या कारभाराला त्यांनी बोल लावला होता. जानेवारी २०१८ मध्ये स्वतःच्या घरच्या हिरवळीवर पत्रकार परिषद घेऊन ‘ही संस्था टिकली नाही तर लोकशाही टिकणार नाही’ असं सांगणाऱ्या चार न्यायाधीशांत ते होते. सत्तेला प्रश्न विचारायला न कचरणारा माणूस. तरी निरक्षर बाई पंच होऊ शकते का, या प्रश्नाशी आल्यावर त्यांनाही तो विश्वास ठेवता आला नाही. हा अविश्वास दुष्ट लोकांचा नसतो. शिकलेल्या, सचोटीच्या, देशाचं भलं चिंतणाऱ्या माणसांत तो अगदी सहज मुरलेला असतो. तुमच्याआमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर ‘मतदानाला पदवीची अट हवी’ म्हणणारे काकाही मनानं वाईट नसतात.

हा वाद हरियाणानं शोधलेला नाही. १९२९ साली मुंबई इलाख्यात तो जोरात होता. सायमन कमिशनबरोबर काम करणाऱ्या मुंबईच्या प्रांतिक समितीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. समितीच्या अहवालावर सही न करता १७ मे १९२९ ला त्यांनी आपला स्वतंत्र अहवाल दिला आणि प्रौढ मतदानाची मागणी केली. साक्षरतेची अट मागणाऱ्यांच्या दोन चुका त्यांनी दाखवल्या. निरक्षर माणूस बुद्धीनं कमीच असणार असं धरणं ही एक. अक्षर आलं म्हणजे निरक्षरापेक्षा जास्त शहाणपण आलंच असं मानणं ही दुसरी. ज्यांच्या बापजाद्यांना शाळेच्या ओसरीवरही बसू दिलं नव्हतं, त्यांच्या बाजूनं बोलणाऱ्या माणसाला शिक्षणाची किंमत कुणी शिकवायला नको होती. ‘शिका’ हा संदेश देणाराच सांगत होता की मताचा हक्क शिक्षणाच्या खुंटीला टांगू नका.

पुढं घटना समितीत हाच विश्वास टिकला. १९५१ च्या जनगणनेत साक्षरता १८ टक्क्यांच्या आसपास होती आणि तरी पहिल्या निवडणुकीत सतरा कोटींवर मतदारांची यादी झाली. पक्षांना चित्रं द्यावी लागली, बैलजोडी, झोपडी, कारण नावं वाचता येणार नव्हती. बरं, समितीचे अध्यक्ष राजेंद्र प्रसाद यांना एक खंत होती आणि २६ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात त्यांनी ती बोलून दाखवली: कायदा राबवणाऱ्यांना मोठी पात्रता लागते आणि कायदा करणाऱ्यांना काहीच नाही, हे विसंगत आहे. पात्रतेच्या बाजूनं बोलणारे हे वाक्य हमखास काढतात. पण प्रसाद कुणाबद्दल बोलत होते? कायदा करणाऱ्यांबद्दल, म्हणजे आमदार-खासदारांबद्दल. हरियाणाच्या आमदारांनी ती खंत उचलली, स्वतःला वगळलं आणि पंचाच्या गळ्यात घातली. त्याच भाषणात मतदाराबद्दल प्रसाद म्हणाले होते की आपली जनता निरक्षर असेल, पण तिच्याकडं अक्कल आणि व्यवहारज्ञान आहे.

हरियाणाच्या आधी हा प्रयोग राजस्थाननं केला होता. डिसेंबर २०१४ मध्ये, निवडणूक तोंडावर असताना, अध्यादेश निघाला: सरपंचाला आठवी, अनुसूचित क्षेत्रात पाचवी, पंचायत समिती आणि जिल्हा परिषदेला दहावी. अजमेर जिल्ह्यातल्या हरमाडा गावच्या नौरती बाई २०१० पासून सरपंच होत्या. दलित, दगडमातीच्या मजुरीतून वर आलेल्या, साक्षरता वर्गात अक्षर गिरवून पुढं तिलोनियाच्या संस्थेत संगणक शिकलेल्या. पंचायतीच्या कामात त्या संगणक वापरत. आठवीचं प्रमाणपत्र नाही, म्हणून २०१५ ला त्यांना उभं राहता आलं नाही. की-बोर्ड येतो, मार्कशीट नाही.

याच राजस्थानात, पाली जिल्ह्यातल्या कोट किराणा गावी, २ डिसेंबर १९९४ ला एक सभा झाली होती. मजदूर किसान शक्ती संघटनेनं भरवलेली पहिली जनसुनवाई. पंचायतीच्या कामांची कागदपत्रं मिळवली होती, मस्टरं होती. आपल्याकडं रोजगार हमीवर काम केलेल्यांना मस्टर म्हणजे काय ते सांगावं लागणार नाही. एकानं मस्टर हातात धरायचं आणि मोठ्यानं वाचायचं: अमुक नाव, इतके दिवस हजर, इतके रुपये दिले, हा अंगठा. समोर बसलेल्यांत निरक्षर मजूर पुष्कळ. आणि माणसं उठून सांगायला लागली की मी तर त्या कामावर गेलोच नव्हतो. हे पैसे मला मिळालेच नाहीत. कागद लिहिणारे शिकलेले होते. खोटं पकडणाऱ्यांना वाचता येत नव्हतं, त्यांना फक्त ऐकवावं लागलं. अशा सभांतून उभी राहिलेली मागणी २००५ च्या माहिती अधिकार कायद्यापर्यंत पोचली, आणि तो कायदा आज पदवीधर मंडळी सर्रास वापरतात.

पात्रतेच्या बाजूचा खरा युक्तिवाद मी टाळत नाही. निरक्षर सरपंचाला ग्रामसचिव फसवतो, कोऱ्या धनादेशावर अंगठा घेतो, बाई सरपंच असली तर नवरा कारभार करतो आणि शेवटी वसुली तिच्या नावावर निघते. हे घडतं. आपल्याकडंही ग्रामसेवकानं ठराव बुकात नंतर दोन ओळी घुसडल्याचे किस्से कुठल्याही तालुक्याच्या बसस्टँडवर ऐकायला मिळतील. पण या गुन्ह्यात फसवणारा कोण आणि फसलेला कोण ते पाहा. फसवणारा पदवीधर. कायद्यानं बाद कोण केला? फसलेला. ठराव ग्रामसभेत वाचून दाखवा, हिशोब चावडीवर लावून मोठ्यानं वाचा, अशी सक्ती करता आली असती. ती सचिवाला जाचली असती.

अटी आल्यावर काय झालं, तेही अपेक्षेप्रमाणंच. राजस्थानात बनावट मार्कशीटच्या तक्रारींचा पाऊस पडला. हरियाणात राखीव जागेसाठी शिकलेली सून शोधण्याची, घाईनं लग्नं उरकण्याची वर्णनं वर्तमानपत्रांत आली. कारभाऱ्याच्या जागी कारभारीच राहिला, उमेदवार म्हणून तेवढी घरात आठवी पास मुलगी आणली. ‘सरपंच पती’ दूर करायला निघालेल्या कायद्यानं सरपंच सासऱ्याची सोय केली. राजस्थानची अट सरकार बदलल्यावर २०१९ मध्ये रद्द झाली. पुढच्याच वर्षी सीकर जिल्ह्यातल्या एका गावात सत्त्याण्णव वर्षांच्या विद्या देवी सरपंच म्हणून निवडून आल्या. गावाला त्यांची मार्कशीट पाहायची नव्हती.

हरियाणात अट राहिली. २०१७ मध्ये तिहेरी तलाकच्या निकालात न्या. नरिमन यांनी, उघड मनमानी असलेला कायदा त्या एका कारणावरूनही रद्द होऊ शकतो, असं मांडलं. राजबाला निकालात नेमकं याच्या उलट धरलं होतं. म्हणजे त्या निकालाचा एक खांब हलला, पण छप्पर जागेवरच.

महाराष्ट्रानं शहाजोगपणे हरियाणाकडं बोट दाखवू नये. आपल्याकडं १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरं मूल झालं तर ग्रामपंचायतीला उभं राहता येत नाही. मुलं किती व्हावीत हे ज्या बाईला ठरवता येत नाही, तिचाही अर्ज बाद. आमदाराला ही अट नाही. संडासाची अट आपल्याकडंही आहे. २०१७ मध्ये थेट जनतेतून सरपंच निवडायचं ठरलं तेव्हा सातवी पासची अट आली, पण ती १ जानेवारी १९९५ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांनाच. निदान एवढं तरी आपल्या कायद्यानं मान्य केलं की त्याआधीच्या पिढीपर्यंत शाळा पोचली नव्हती. ग्रामपंचायतीची निवडणूक लागली की तहसील कचेरीबाहेर झाडाखाली उमेदवारांचे ताफे बसलेले असतात, मांडीवर प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत थकबाकी नसल्याचा दाखला, संडासाचा दाखला, जातपडताळणीची पोच, अपत्यांचं घोषणापत्र. अर्ज भरून देणारा माणूस दर कागदामागं पैसे घेतो. एक कागद कमी पडला की विरोधक छाननीत हरकत घ्यायला टपलेलाच. गावानं निवडायच्या आधी कागदानं निवडून झालेलं असतं.

हरियाणाची गोष्ट अजून थोडी पुढं जाते, आणि मला तिचा हाच भाग सगळ्यात जास्त सांगावासा वाटतो. जानेवारी २०१६ मध्ये नव्या अटींखाली निवडणूक झाली आणि मुख्यमंत्री मनोहरलाल खट्टर यांनी ‘पढी-लिखी पंचायत’ म्हणून अनेक वर्षं तिचा गौरव केला. नोव्हेंबर २०२२ मध्ये दुसऱ्यांदा अशीच पंचायत निवडून आली. सगळे सरपंच शिकलेले, बिलं भरलेले, संडासवाले. राज्याला हवे होते तसेच.

मग सरकारनं नियम काढला की दोन लाखांवरचं कुठलंही गावकाम ई-टेंडरनंच करायचं. कारण तेच, भ्रष्टाचार, पारदर्शकता. दोन लाखांत गल्लीतलं काँक्रीट नीट होत नाही. दहावीची गुणपत्रिका दाखवून निवडून आलेले सरपंच रस्त्यावर उतरले, आणि मार्च २०२३ च्या सुरुवातीला पंचकुलात पोलिसांनी त्यांच्यावर लाठ्या चालवल्या. त्याच महिन्यात मर्यादा पाच लाख झाली. जुलै २०२४ मध्ये, मुख्यमंत्री बदललेले आणि विधानसभा तोंडावर आलेली, तेव्हा ती एकदम एकवीस लाखांवर गेली. पाच लाखांपुरता मोठ्या मुश्किलीनं विश्वासपात्र ठरलेला सरपंच मतं मागायची वेळ आल्यावर एकवीस लाखांना पात्र झाला. मधल्या काळात त्यानं कुठली परीक्षा दिली होती, ते कुणी सांगितलं नाही.

ऑक्टोबर २०२४ मध्ये त्या ९० जागांसाठी मतदान झालं. उमेदवाराच्या प्रतिज्ञापत्रात शिक्षणाचा रकाना असतो. तिथं ‘निरक्षर’ असं लिहिलं तरी अर्ज वैध धरतात.